खऱ्या लग्नाची फाइल

३ जानेवारी, सकाळी
संकल्प: या वर्षी चिडायचं नाही.

३ जानेवारी, संध्याकाळी
एजंटकडे जाऊन आलो. बायको परदेशात नोकरीला, मला तिच्याकडे राहायला जायचंय, त्यासाठी जोडीदाराचा व्हिसा. साधा मामला. तर एजंट म्हणतो, तुमचं नातं खरं आहे हे सिद्ध करावं लागेल. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी सर्टिफिकेट पुढे केलं. म्हणाला, साहेब, सर्टिफिकेट खोट्या लग्नांचंही असतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण यांना आरसा हवा, तोही रंगीत आणि दोन प्रतींत.
आणि पुरावे मागतात कुणाकडे? विमा कंपनीत मेडिक्लेमचे दावे तपासण्यात माझा जन्म गेला. खोटं मला वासावरून कळतं. फाइल मी स्वतः करणार, एजंटने फक्त पुढे पाठवावी. मार्चअखेर मी तिकडे.

८ जानेवारी
दोघांचे एकत्र फोटो शोधले. लग्नातले सोडले तर चार. त्यातल्या एकात माझं फक्त कोपर आहे. बाकी सगळीकडे ती एकटी: धबधब्यापाशी, पुतळ्यापाशी, पार्किंगमध्ये. फोटो काढणारा मी, मग मी फोटोत येणार कसा? ज्याने इतकी वर्षं बायकोचे फोटो काढले त्याच्याकडेच पुरावा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.
पुढच्या आठवड्यात ती दहा दिवसांच्या रजेवर येते आहे. तेव्हा बघतो.

१९ जानेवारी
फोटोंचं काम एका दिवसात उरकलं. याला म्हणतात प्लॅनिंग. मेहुण्याच्या हातात कॅमेरा दिला. माझे सहा शर्ट, तिचे पाच ड्रेस. स्वयंपाकघरात हसताना, बागेत हसताना, सासूबाईंच्या सोफ्यावर हसताना. प्रत्येकामागे वेगळा महिना लिहिला. नाहीतरी त्या त्या महिन्यात आम्ही नवरा-बायकोच होतो, त्यामुळे यात खोटं काही नाही.
बागेत ती म्हणाली, जरा बसू या का, पोटात अजून ओढ बसते. मी म्हटलं, उजेड जाईल. मेहुणा म्हणाला, भावोजी, ताईला बसू द्या. या माणसाला शिस्त म्हणून नाही.

२७ जानेवारी
ती परत गेली. मोबाइलवरचं आमचं चॅट प्रिंट करून घेतलं. तीनशेच्या वर पानं. तिचे मेसेज हे एवढाले, माझे ‘हं’, ‘बरं’, ‘बघतो’ आणि अंगठा. पाल्हाळ लावायची सवय तिची, आणि त्यामुळे घुम्या दिसतो मी. दुकानदार प्रिंट काढताना दोनदा माझ्याकडे बघून हसला. त्याच्याकडे पुन्हा जाणार नाही.
मेहुणा म्हणाला, एकदा वाचून तरी घ्या. वाचायचं काय? आले तेव्हा वाचलेच की. पंच करून फाइलला लावले.

११ फेब्रुवारी
फाइल रवाना. कुरिअरवाल्याला दोन्ही हातांनी उचलावी लागली. ऑफिसात जाहीर करून टाकलं. सगळ्यांनी वर्गणी काढून सूटकेस दिली, चांगली मोठी, चाकांची.
दुपारी एक दावा फेटाळला. म्हाताऱ्याने बायकोच्या ऑपरेशनची तारीख दोन दिवस चुकीची लिहिली होती. म्हणाला, साहेब, तेव्हा तारखेचं भान कुणाला होतं. डोळ्यांत पाणीही आणलं. मी म्हटलं, आजोबा, स्वतःच्या बायकोचं ऑपरेशन माणूस विसरतो का? शेरा मारला: विश्वासार्ह नाही.

१४ मार्च
डोक्यात नुसती राख. व्हिसा ऑफिसचं पत्र: सगळे फोटो एकाच दिवशी काढलेले दिसतात. का, तर सगळ्यांत माझ्या हनुवटीवर तीच चिकटपट्टी. दाढी करताना कापलं होतं. एखाद्याची जखम सहा महिने भरत नाही, असं होत नाही का? मेहुण्याला फोन करून झापलं, की फोटो काढताना तुला दिसली नाही? म्हणाला, दिसली, पण तुम्ही मला बोलू कुठे देत होता?
आता दोघांच्या वेगवेगळ्या मुलाखती. घेऊ देत. आरशासमोर उभा राहून उत्तरं देऊन पाहिली. आवाज दमदार आहे.

२ एप्रिल
संभाव्य प्रश्न काढले. माझी उत्तरं लिहिली, तिचीही लिहिली आणि पाठ करायला तिला पाठवली. तिने विचारलं, माझी उत्तरं तू कशी लिहिलीस? मी अंगठा पाठवला. अशा वेळी वाद वाढवू नये.

९ एप्रिल
मुलाखत झाली. अजून धुमसतो आहे. रागाने.
पडद्यावर एक अधिकारी बाई आणि दुभाषी. बायको काय काम करते? मी म्हटलं, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. बाईंनी कागद बघून सांगितलं, की तुमच्या पत्नी लॅबमध्ये कृत्रिम दात बनवतात, गेल्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली चारजण आहेत. बरं. ती चहा कसा घेते? दोन चमचे साखर, मी ठासून सांगितलं. ती म्हणे दोन वर्षं बिनसाखरेचा पिते. आम्ही पॉलिसीतला स्वल्पविराम बदलला तरी गिऱ्हाइकाला लेखी कळवतो. हिला कळवायला काय झालं होतं?
मग विचारलं, गेल्या वर्षात पत्नी आजारी होती का? मी म्हटलं, माझी बायको आजारी पडत नाही.
बाईंनी माझ्याच फाइलमधलं एक पान वर धरलं. दुभाष्याने वाचलं. तिचा मेसेज: अपेंडिक्सचं ऑपरेशन लगेच करायचं म्हणतात, आत नेताहेत, मला भीती वाटतेय. खाली मी. अंगठा. पुढे दोन दिवस तिचा मेसेज नाही. माझाही नाही.
बाईंनी विचारलं, या चिन्हाचा अर्थ काय? मी म्हटलं, पाहिलं, असा. दुभाष्याने मला पुन्हा विचारून मगच सांगितलं.
मेहुण्याला विचारलं. त्याला सगळं माहीत होतं. म्हणाला, तुम्हालाही माहीत आहे असं ताई सांगायची. भावोजी कामात असतील, म्हणायची.

३० एप्रिल
पत्र. पत्नीची सर्व उत्तरं बरोबर, त्यांच्या बाजूने शंका नाही. पतीने पत्नीच्या रोजच्या आयुष्याविषयी स्वतःच्या शब्दांत एक पान लिहून द्यावं.
निबंध! आम्ही दावेदाराचं रक्त काढलं असेल, निबंध कधी मागितला नाही. एजंट म्हणाला, एकच पान तर आहे, साहेब. उद्या बसून उरकतो.

६ मे
बसलो होतो पाच दिवस. वर तिचं नाव लिहून झालं आहे.
शेवटी माहितीसाठी तिलाच फोन केला. म्हणाली, पत्र आलंय म्हणून विचारतोयस का? मी म्हटलं, अर्थात. उठते कधी, जेवते कुणाबरोबर, सगळं उतरवून घेतलं. ऑपरेशनचा व्रण कुठे आहे, तेही विचारलं. म्हणाली, उजवीकडे. लिहून घेतलं. मग म्हणाली, सगळ्यांचं अपेंडिक्स उजवीकडेच असतं रे.
थोड्या वेळाने म्हणाली, एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. तू इथे यावंस असं मला वाटतं का? मी म्हटलं, तो मुद्दा पत्रात नाही. ‘बरं,’ म्हणाली आणि फोन ठेवला. एवढं लहान उत्तर तिने मला कधी दिलं नव्हतं.

१५ मे
चॅटची दुसरी प्रत काढून पहिल्या पानापासून वाचली. तिथे गेल्यावर पहिले काही महिने ती रोज जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर एकटी बसायची. पहिला दात बनवला तेव्हा त्याचा फोटो पाठवला होता. वर लिहिलं होतं, बघ ना. मी बघितला असणार. अंगठा आहे.
व्हिसा ऑफिसवर चिडून पाहिलं, एजंटवर, मेहुण्यावरही. जमेना. फार वाईट वाटलं, एवढंच खरं.
त्या म्हाताऱ्याची फाइल मागवली. रेकॉर्डला गेली म्हणाले, आता निघत नाही.

१६ मे
सकाळपासून तिला मेसेज लिहिला. आयुष्यात एवढं लांब काही लिहिलं नाही. जिन्याचं लिहिलं, दाताचं लिहिलं, ऑपरेशनचं लिहिलं. चुकलो असं सरळ लिहिलं. शेवटी विचारलं, मी यावं असं तुला वाटतं का? व्हिसासाठी नाही, मला कळायला हवंय म्हणून. पाठवला आणि सूटकेसवर बसून राहिलो.
संध्याकाळी उत्तर आलं. अंगठा.
याचा अर्थ मुलाखतीत त्या बाईंनी विचारला, तेव्हा मीच सांगितला होता.