एक गोळी, दोन नावं

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे हल्ली तो कागदावरच घालते, गोड मानून घे). तुझी कंबर आता बरी असेल, आणि नसली तरी तू वरचे डबे काढायला स्टुलावर चढतच असशील. मी उत्तम आहे. काल एक मोठं संकट टळलं, म्हणून आज लिहायला हात शिवशिवतोय.

तुला कळवायचं राहिलं, मला वॉर्डातून उचलून एका प्रशिक्षणाला बसवलंय. घरी गेलेल्या रुग्णांच्या फायली वाचायच्या आणि उपचार करता करता आमच्याच हातून कुणाला इजा झाली का ते शोधायचं. एकच फाईल दोघांनी वेगवेगळी वाचायची, मग निकाल ताडून पाहायचे. माझ्या नशिबी जोडीदार आले ते एक निवृत्त सर्जन (मागून सगळे त्यांना 'कात्री' म्हणतात, तोंडावर कुणी काहीच म्हणत नाही). पहिल्याच फायलीत मला नऊ इजा सापडल्या, त्यांना एकही नाही. "माणूस चालत घरी गेला ना? मग कसली इजा?" "अहो, पण तो पलंगावरून पडला!" "पडला, उठला, चालत गेला." शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही झापलं. मला, कारण रुग्णाला चहा गार मिळाला तीही मी इजा धरली होती. आणि कात्रींना उरलेल्या सगळ्याबद्दल. "चूक कुणाची ते शोधू नका," बाई म्हणाल्या, "रुग्णाला काय सोसावं लागलं तेवढं बघा."

काल सरावाच्या गठ्ठ्यात चुकून नुकत्याच घरी गेलेल्या एका आजींची फाईल आली. आम्ही घरी जाताना त्यांना रक्त पातळ करणारी एक गोळी दिली होती. आणि भरतीच्या पानावर, त्या आधीपासून घेत होत्या त्या औषधांत, दुसऱ्याच नावाची एक गोळी. औषध तेच! जुनी बंद करा, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी मान वर केली, तर समोर कात्रींचा चष्मा कपाळावर. "सिस्टर, ही बाई घरी दोन्ही घेत असणार." आमचं पहिलं एकमत, आणि तेही असलं!

डॉक्टरीणबाईंनी नंबर मिळवला, फोन मी लावला. आजी म्हणाल्या, "घेते की दोन्ही, तुम्हीच दिल्यात ना? हिरड्यांतून रक्त येतंय थोडं. म्हटलं, ब्रश नवा आहे." कात्रींनी फोन हिसकावला. "आजी, आता एकही गोळी गिळू नका! आहात तशा निघा!" आणि त्या खरंच आहेत तशा आल्या, एका पायात मुलाची चप्पल. तपासलं तर रक्त भलतंच पातळ झालेलं, पण आत कुठे रक्तस्राव नाही. उपचार केले, ठेवून घेतलं. आज सकाळी त्या खिडकीजवळचा पलंग का नाही म्हणून भांडत होत्या. इतकं गोड भांडण मी जन्मात ऐकलं नाही. कात्री तर स्वतःच पलंग ढकलायला लागले (चाकांचा ब्रेक न काढता).

घरात माझ्याहून मोठे असतील त्यांना नमस्कार, लहानांचे प्रेमाने कान पीळ.

तुझी,
धाकटी

ता. क. : खरं काम राहिलंच. भावोजींचे डॉक्टर दोन, आणि त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. त्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भर आणि रविवारी दोघंही इकडे या.

पुन्हा ता. क. : त्यांना फक्त जेवायला बोलावलंय एवढंच सांग. पिशवीचं आधी कळलं, तर ते येतील, दोनदा वाढून घेतील आणि पिशवी तेवढी घरी विसरतील.