डबा दोनदा वजा

शनिवार, ९ मे. संध्याकाळ.

हात अजून मिरचीने चुरचुरतायत, तरी लिहून टाकते. आईबरोबर लालबागला मसाला कांडायला गेले होते. कांडपवाल्याने आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून शून्य केलं. भरलेला डबा ठेवल्यावर मात्र त्याने डब्याचं वजन परत वजा केलं आणि मसाला कमी भरला म्हणून सांगितलं. आई कडाडली, "अरे, काट्याने डबा वजा केलाय ना? मग परत कशाला?"

मला एकदम माझा तारा आठवला.

दोन वर्षं मी संशोधनासाठी एका ताऱ्याचं डोलणं मोजतेय. तो डोलतो म्हणजे त्याच्याभोवती फिरणारं, न दिसणारं काहीतरी त्याला ओढतंय; त्या जोडीदाराचं वजन काढायचं. आपली पृथ्वीही सूर्याभोवती फिरते, म्हणून तिचा वेग आधी वजा करावा लागतो. मी केला. पण दुसऱ्यांकडून घेतलेली जुनी निरीक्षणं मुळातच तो वेग वजा होऊन आली होती का? घरी येऊन फाइल उघडली. आली होती. म्हणजे डबा दोनदा.

जोडीदाराची फेरी जवळजवळ वर्षाची, म्हणजे पृथ्वीच्याच फेरीएवढी निघाली तेव्हाच खटकलं होतं. चार दिवसांचा फरक आहे ना, असं म्हणून मी गप्प का बसले? दमले होते, दुसरं काय. आताही दमलेय. माझ्या गाइड सरांना मेल पाठवलाय.

आई आत्ता विचारत होती, "मग तुझ्या ताऱ्याला कोणीच नाही का गं?"

नाही म्हटलं. हलत होतो ते आपणच. तो बिचारा जागच्या जागी आहे.