दुसरं जांभूळ

कर्जत, रविवार, ९ जून १९४६

झोप येत नाही. दुपारी संतापले होते, आता कशाने जागी आहे कोण जाणे.

वसंता, माझा धाकटा भाऊ, रेल्वेत गार्ड. जेवताना लेकीबद्दल म्हणाला, कुसुमचं कॉलेज आता पुरे, रसायनशास्त्र चुलीपाशी लागत नाही. मी म्हटलं, "चुलीपाशी तूही लागत नाहीस, तरी तुला दोन वेळा वाढतातच ना."

पोरगी भांडली नाही. बटाट्याचे दोन-दोन तुकडे दोन काड्यांनी जोडले, म्हणजे फिरत नाहीत; ते कार्बन. प्रत्येकाला एक करवंद टोचलं, तो आम्लाचा गट. एका जोडीत करवंदं एकाच बाजूला, दुसरीत विरुद्ध बाजूंना. मग जांभळं, म्हणजे ब्रोमीन.

"आत्या, पहिलं जांभूळ एका अंगाला बसलं की ती वाट अडते. दुसरं उलट्या अंगानेच येतं."

करवंदं विरुद्ध बाजूंना असली तर एकच पदार्थ होतो. एकाच बाजूला असली तर दोन, डाव्या-उजव्या हातांसारखे. मी ते दोन एकमेकांवर बसवून पाहिले, फिरवून पाहिले. बसत नाहीत. कॉन्व्हेंटात उलटा टाका, सुलटा टाका शिकवण्यात वर्षं घातली माझी. हे सांगायला काय झालं होतं?

वसंता केव्हाचा दारात उभा. "दुसरं मागून येतं होय? आपल्या घाटातल्या गाडीसारखं. एक इंजिन पुढं, एक मागं." मग जवळ येऊन, "आणि पुढं काय होतं गं?"

"ते अजून शिकायचंय, बाबा."

वसंताने एक जांभूळ उचलून तोंडात टाकलं. "कॉलेज उघडलं की माझ्याच गाडीनं जा."

बटाटे काळे पडलेत. मी पुन्हा बसवून पाहिले. नाहीच बसत.