मिरचीच्या रोपांचा दम

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तूच नाहीस. तरी लिहिते, कारण आज प्रयोगशाळेत तुझं एक वाक्य खरं निघालं. ते तुलाच सांगायला हवं.

माझ्या मॅट्रिकचा उन्हाळा आठवतो? नेरच्या घरामागं तू मिरचीची रोपं लावली होतीस. दुपारी त्यांच्यावर पळसाची पानं टाकायचीस. मी ती काढून फेकली. झाडाला ऊन लागतं, असं पुस्तकात होतं ना!

"काहून काढली व? दुपारी झाड बी काम बंद ठेवते. दम घेऊन राह्यलं ते."

"झाडाला कसला दम? बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली ना आपण? मग हे जुनं खूळ सोड!"

शेजारणी हसल्या. तू म्हणालीस, "बरं मास्तरीणबाई, सोडलं."

चौथ्या दिवशी रोपं करपली. तू गुपचूप दुसरी लावलीस, पण 'दम' हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढला नाहीस. भांडली का नाहीस गं?

आज आम्ही तुरीचे कोंब गरम पाण्यात ठेवून त्यांची मुळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशीच्या केंद्रकात एक गोल ठिपका असतो. तिथं रायबोसोम नावाचे बारीक कण तयार होतात आणि ते कण प्रथिनं बनवतात. कण आम्हाला दिसत नाहीत, ठिपका दिसतो. तो आक्रसून फिका पडला होता.

"नवे रायबोसोम बनवणं पेशीनं थांबवलंय," सर म्हणाले.

मला वाटलं, पेशी मेली. पण काही कोंब कालच गरम करून दिवसभर गार जागी ठेवले होते. त्यांच्यातला ठिपका पुन्हा गोल, गडद!

"याला काय म्हणाल?" सरांनी विचारलं.

"दम घेतला, सर."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

दीक्षेनं तर तपासून पाहायला सांगितलं होतं, माय. मी न तपासताच तुला खोटं ठरवलं. आणि कबूल करायला इतका उशीर केला, की तू ऐकायला राहिली नाहीस.

एम.एस्सी. झाली की मी मुकुटबनच्या शाळेत शिकवणार आहे. फळ्यावर 'रायबोसोम' लिहीन, त्याच्या शेजारी 'दम' लिहीन. आणि एखादी पोर म्हणाली, "बाई, आमची माय म्हणते...", तर तिचं आधी पूर्ण ऐकून घेईन. वचन देते.

तुझीच,
मास्तरीणबाई