पाण्याशेजारचं बटण

१२ मार्च, रविवार

चि. धाकट्यास,
दादाचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र उत्तम चालतं. दुरुस्तीचं दुकानही चाललंय. परवा एका लिफ्टची बटणं नुसती ऐकून सांगितलं, तिसऱ्या मजल्याचं अडकतंय. आई म्हणायची ना, "ह्याला भिंतीपलीकडची शिंकही ऐकू येते."

तर आईच्या उशाशी असायची ती पेटी. तिची वाचा आणि अर्धं अंग गेल्यावर मी केलेली. पाणी, धाकटा, कूस, दिवा, दुखतंय. बटणं पाच, तार एकच. प्रत्येक बटणाला तारेत वेगळं व्होल्टेज येतं, त्यावरून आतली चिप बटण ओळखते आणि स्वयंपाकघरात त्या नावाचा दिवा लावते. चार तारा वाचवल्या म्हणून ऐटीत होतो.

आपलं बोलणं बंद असलं तरी, तुझा दिवा लागला की तुला फोन करायचा, हे मी तिच्यासमोर कबूल केलं होतं. तो लागलाच नाही. पाण्याचा सारखा लागायचा. मी पेला घेऊन जायचो, कधी प्यायची, बहुतेकदा तोंड फिरवायची.

वहिनी म्हणाली, "अहो, त्यांना पाणी नकोय."

"मग पेटी काय खोटं बोलते?"

काल शेजारच्या, वाचा गेलेल्या मास्तरांना द्यायला पेटी पुसत होतो. मनगट टेकलं, दोन बटणं एकदम दबली. दिवा लागला एकच, पाण्याचा. दोन दाबली तर त्यातलं तारेच्या तोंडाशी, चिपच्या जवळ असतं तेवढंच वाचलं जातं. तोंडाशी, अगदी कडेला मी पाणी ठेवलं होतं, त्याच्या शेजारी तुला. आईची बोटं वळलेली, तिला टेकवता यायची ती मूठ.

आणि धाकट्या, मला पलीकडच्या खोलीतून ऐकू यायचं. एक 'टक' झालं की ती पाणी प्यायची. दोन झाली की तोंड फिरवायची. ऐकलं सगळं, विश्वास दिव्यावर ठेवला.

तिला स्मशानात नेलं त्या दिवशी दारात मी तुला म्हणालो, "तुझं बटण तिनं एकदाही दाबलं नाही." तू अनवाणीच जिना उतरलास.

मास्तरांसाठी नवी पेटी करतोय, पाच तारांची. ही तुझ्यासाठी ठेवलीय.

'ये' म्हणायला मला तोंड नाही. तुझ्या चपला वहिनीनं पुसून दाराशी ठेवल्यात.

आईची हाक उशिरा पोचवणारा,
दादा