अठ्ठ्याहत्तर पत्ते आणि माझा हर्निया

२२ ऑगस्ट २००४, रविवार. सकाळी साडेनऊ
आज पहाटे मळ्यातून आलो, आंघोळ केली, देवपूजा केली आणि योगिनीच्या टॅरोच्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांवर गोदावरीचं पाणी शिंपडलं. मग ते सुपात घालून पंख्याखाली वाळवले. कोणतंही काम शुद्ध करून सुरू करावं.

योगिनीने कॉलेज रोडला दोन दिवसांचा क्लास केला आणि पत्ते कपाटात टाकले. या मुलांना चिकाटी नाही. मी शिकणार. गावाकडे देवाला फुलाचा कौल लावतात, उजवं पडलं की हो, डावं पडलं की नाही. हे तेच, फक्त चित्रांतून.

पहिला प्रश्न: हर्नियाचं ऑपरेशन करावं का? डॉक्टर म्हणतात, करा, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, तोवर ओझं उचलू नका. मी घाबरलेलो नाही. पण एवढा मोठा निर्णय नुसत्या डॉक्टरच्या सांगण्यावरून घेणं उथळपणाचं होईल.

पत्ता निघाला: पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा. योगिनी म्हणाली, पप्पा, हा मृत्यू नाही, बदल आहे. असेल. पण पत्ते देवघरात ठेवलेत, आणि खंडोबाच्या टाकाशेजारी दुसरा घोडेस्वार, तोही असला, बरा दिसेना. तेवढा एक काढून ट्रंकेत ठेवला.

२३ ऑगस्ट
योगिनी म्हणते, तोच प्रश्न महिनाभर परत विचारायचा नसतो. म्हणून वेगळा विचारला: ऑपरेशन नाही केलं तर चालेल का? निघाला पालथा पडलेला माणूस, पाठीत दहा तलवारी. डॉक्टर तर एकच छोटा काप म्हणाले होते.

सैतान आणि वीज पडून कोसळणारा बुरूज हे दोघे देवघरातून तसेही जायचेच होते. तलवारींचे चौदाच्या चौदा काढले. देवघरात खंडोबाची एक तलवार आहे तेवढी पुरे. उरले एकसष्ट.

२९ ऑगस्ट
निश्चय: रोज एक पत्ता, अर्धा तास चिंतन, ओझं बंद.

आज चिंतन झालं नाही, टेम्पो लवकर आला. फुलांचे सहा क्रेट उतरवले. उतरवताना श्वास रोखून धरला होता, त्यामुळे ते ओझ्यात धरायचं कारण नाही.

७ सप्टेंबर
दुखतं. थोडं. बसल्यावर नाही.

पंचवटीत आमच्या शेजारी हार विकते त्या ठमाबाईला पत्ते दाखवले. तिने विचारलं, किती हायेत? म्हटलं, बावन्न. (उलटा टांगलेला, बर्फातला लंगडा, सांडलेल्या पेल्यांपाशी रडणारा, असे नऊ जण मधल्या दिवसांत कमी केले. त्यांतच मोळी वाहणाराही गेला. ओझं मना आहे, मग बघायचं तरी कशाला?) ठमाबाई म्हणाली, बावन्न म्हणजे रमी झाली की, खंडूभाऊ, वाटा.

तरी तिने मुलाच्या नोकरीचं विचारलंच. सूर्य निघाला. नक्की लागेल, म्हटलं. तिचा चेहरा बघून बरं वाटलं. लोकांना धीर देणं हीही सेवाच.

३० सप्टेंबर
एक मोठी गोष्ट नोंदवतो. गेले दोन आठवडे क्रेट हलके लागतात. चिंतनाने अंगात बळ येतं हे आता मी अनुभवाने सांगू शकतो. बायकोला, लंकाला, सांगितलं. ती म्हणाली, येत असंल. योगिनी तोंडाला ओढणी लावून आत गेली. हसण्याचं वयच आहे.

ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा पुढे ढकलली. डॉक्टरांना म्हटलं, दसऱ्याचा झेंडू आहे. ते म्हणाले, झेंडू दर वर्षी येईल, तुमचं काय? मी नम्रपणे हसलो. त्यांना या शास्त्राची ओळख नाही.

११ ऑक्टोबर
ठमाबाईच्या मुलाला नोकरी मिळाली नाही. ती चिडली नाही, ते जास्त लागलं. हार ओवता ओवता म्हणाली, तुमच्या पत्त्यांत वाईट काय निघतच नाय का, खंडूभाऊ? माझी आईबी आशीच होती. काय बी विचारा, चांगलंच हुईल म्हनायची. म्हनून तिला कोनी विचारीतच नव्हतं.

मी सकारात्मक विचारांचं महत्त्व समजावलं. ती म्हणाली, सरका जरा, सुतळी तुमच्याखाली हाये.

घरी येऊन पत्ते मोजले. चव्वेचाळीस. आणखी कधी काढले ते आठवत नाही.

२१ ऑक्टोबर. उद्या दसरा
सकाळी पत्ता काढला: सूर्य. सलग तिसऱ्यांदा.

दहा वाजता बाजारात गिऱ्हाइकांची झुंबड. लंका पाणी आणायला गेलेली. तिच्या बाजूच्या थप्पीतला क्रेट उचलायला गेलो, तो जागचा हलेना. दुसऱ्यांदा जोर लावला आणि पोटात असं काही झालं की तिथेच झेंडूत बसलो. ठमाबाईने रिक्षात घातलं. लंका म्हणत होती मी येते, पण माल सोडता येईना. तिला मीच थांब म्हटलं.

रिक्षात ठमाबाई म्हणाली, लंका सांगू नको म्हनली होती म्हनून सांगते. पोळ्यापासून तुमचे क्रेट ती आर्धेच भरती. राहिलेली फुलं आपल्या थप्पीत कोंबती आन टेम्पोपासून डोक्यावर आनती. रोज दोन खेपा जास्त.

डॉक्टरांनी आडवं करून दाबून आतडं आत सारलं. म्हणाले, या वेळी गेलं. पुढच्या वेळेचं मी सांगू शकत नाही.

२४ ऑक्टोबर
लंकाला डावा हात खांद्यावर नेता येत नाही. केस योगिनी विंचरून देते. हे किती दिवस चाललंय, मला ठाऊक नव्हतं. विचारलं. ती म्हणाली, तुम्ही पत्त्यांत डोकं घातलेलं, तुम्हाला कशाला सांगायचं? पुन्हा म्हणाली, तुम्हाला भ्या वाटतं ना, वाटू द्या. मला वाटत नाय का?

मला भीती वाटत नाही, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

दुपारी पत्ते घेऊन बसलो. काय विचारावं सुचेना. योगिनीला परत दिले. डॉक्टरांना फोन केला. शनिवार ठरला.

३१ ऑक्टोबर, रविवार. हॉस्पिटल
काल झालं. टाके ओढतात, म्हणून थोडक्यात लिहितो.

शेजारच्या खाटेवर देवळ्याचे वाळूआप्पा, वय शहात्तर, तेही हर्नियाच. एकटेच पिशवी घेऊन एसटीने आलेले. मला विचारत होते, झाल्यावर चहा देतात का. मी दहा आठवडे घेतले हे त्यांना सांगितलं नाही.

काल ऑपरेशनला आत जाण्याआधी लंकाला चार शब्द बोलायचे ठरवले होते. रात्रीच मनात जुळवून ठेवले होते, चांगले होते. वॉर्डातून बाहेर आलो तर ती बाकावर बसल्या बसल्या झोपलेली, तोंड उघडं, दुखरा हात मांडीवर. सिस्टर म्हणाल्या, उठवू का? नको म्हटलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी चपला काढल्या आणि आत गेलो.