बेचाळीस पायऱ्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टर वनिता माझ्या लेकीपेक्षा, रियापेक्षा, फार तर चार वर्षांनी मोठी असेल! आणि हिच्याकडे मार्गदर्शन मागायला मी मोहोपाड्याहून कर्जतपर्यंत गाड्या बदलत गेलो. मला वाटलं होतं, पांढऱ्या दाढीचे कोणी फादर असतील. तर ही — अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसलेली. तिथल्याच डोंगरातल्या वाडीतली मुलगी.

सगळं सांगितलं. चर्चमध्ये मला वडीलमंडळात, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांत, घ्यायचं ठरलंय. पण चारचौघांत प्रार्थनेला उभा राहिलो की हल्ली गळाच बंद होतो. ‘आमची पापं क्षमा कर’ इथं तर शब्द फुटत नाही. ती ऐकून म्हणाली, “मग बोलू नका ना, काका.”

झालं! हे मार्गदर्शन! रोज सकाळी वीस मिनिटं गप्प बसायचं. मनात एकच शब्द — ‘ये’. संध्याकाळी दिवसाकडे वळून बघायचं. देव कुठं जवळ वाटला, आपण कुठं तोंड फिरवलं. दिसेल ते वहीत लिहायचं. सिस्टर कॅथलिक, आमच्या चर्चमध्ये असलं काही नाही. छायाला म्हटलं, चालेल का गं? बायको माझी हजरजबाबी. “देव काय गेटपास बघतो का? बसा.”

तेहतीस वर्षं प्लांटवर ऑपरेटर आहे. दर तासाला लॉगशीट भरतो. वही भरणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

४ फेब्रुवारी

बसलो. सातव्या मिनिटाला घोरायला लागलो, असं छाया म्हणते. मला पटत नाही.

९ फेब्रुवारी

वीस मिनिटं. मन शांत. देव जवळ.

१० फेब्रुवारी

वीस मिनिटं. मन शांत. देव जवळ.

११ फेब्रुवारी

वीस मिनिटं. मन शांत. प्रगती आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

पकडला गेलो!

सिस्टरनी वही वाचून दाखवायला सांगितली. मी ऐटीत वाचली. ती हसायला लागली. “काका, आमच्या वाडीत नळालासुद्धा रोज सारखं पाणी येत नाय.”

वही मिटली. तिन्ही दिवस मी बसलोच नव्हतो. बुधवारी कंपनीच्या बसमध्ये तिन्ही ओळी एका दमात लिहून टाकल्या होत्या. कबूल केलं. तिनं सहज विचारलं, “असं आधी कधी केलंत?” मी म्हणालो, छे.

तिच्या अंगणात बसून खोटं बोललो. परत येताना गाडीत स्वतःचीच किळस आली.

१८ फेब्रुवारी

आज खरंच बसलो. ‘ये’ म्हणालो.

आला तो रोहिदास!

१९ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. इथं वाचणारा मी एकटाच आहे.

सहा वर्षांपूर्वी. पहिली पाळी. आमच्या टाकीचं तापमान बघायला बेचाळीस पायऱ्या चढाव्या लागतात. काटा वर आहे. दर तासाला चढायचं, बघायचं, लिहायचं. उन्हाचं कोण चढतो! त्या दिवशी दुपारी दोनला मी केबिनमध्ये पंख्याखाली बसून लिहिलं — ६२. रोज तेवढंच असायचं.

टाकी तापत होती. दोन वीसला झाकण सुटलं. खाली कंत्राटातला रोहिदास झाडत होता. त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशी झाली. दोनला बासष्ट होतं असं लॉगशीट सांगत होतं. म्हणजे दोननंतर कोणीतरी टाकी तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व उघडला. तिथं रोहिदासशिवाय होतं कोण? त्याला काढलं. मग आसपासच्या कुठल्याच कंपनीच्या गेटवर त्याला कोणी घेईना. मी गप्प राहिलो. वीस मिनिटं नाही, सहा वर्षं.

१ मार्च, रविवार

सिस्टरला सांगितलं. वाटलं होतं, एखादं स्तोत्र देईल, उपास सांगेल. काही नाही! शेंगांची टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, “तुम्हीच ‘ये’ म्हणालात. तो आलाय. दार उघडायचं का, ते तुम्हीच ठरवा.”

असला राग आला! मग प्रवासभर तो राग कुणाचा आहे ते शोधत बसलो.

८ मार्च, रविवार

शिळफाट्याला रोहिदासची शहाळ्यांची गाडी आहे. अर्धा तास समोरच्या दुकानापाशी उभा होतो. मग ‘ये, ये’ म्हणत रस्ता ओलांडला. एका दमात सगळं सांगितलं. केबिन, पंखा, बासष्ट. आता सकाळी बसतो, ही वही लिहितो, तेही सांगितलं.

त्याचा कोयता थांबला. “सा वर्सं, दादा. पोरीच्या शाळंत सुद्धा सांगायचे, हिच्या बापानं टाकी फोडली.”

मी रडलो. भर बाजारात. त्यानं रडू दिलं. शेवटी म्हणाला, “मला रडून दावू नका. सायबाला लिवून द्या.”

१० मार्च

दिलं लिहून! सही करून, पोच घेऊन!

साहेब म्हणाले, “सहा वर्षांनी कोण विचारतंय हो? दोन वर्षांत सन्मानानं निवृत्त व्हाल.” मी म्हटलं, “मला विचारतंय कोणीतरी, साहेब. रोज सकाळी, वीस मिनिटं.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी मात्र तो परत घेतला नाही.

चौकशी होईपर्यंत निलंबित. गेटबाहेर आलो आणि गायला लागलो! वॉचमन साईनाथला वाटलं, बढती मिळाली.

छायानं आधी भांडी आपटली. “सहा वर्षं मला कळू दिलं नाही! क्वार्टर गेली तर जायचं कुठं?” मग ताट वाढलं. समोर बसली. म्हणाली, “सहा वर्षांत पहिल्यांदा नीट जेवताय.”

२९ मार्च, रविवार

चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, मला वडीलमंडळात घेऊ नका, आणि का तेही. मग प्रार्थनेला उभा राहिलो. ‘आमची पापं क्षमा कर’ — असा खणखणीत आवाज निघाला की पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली! छाया रुमालात तोंड लपवून हसत होती. की रडत होती, ते विचारलं नाही.

३ एप्रिल

निकाल लागला. मला नोकरीवरून काढलं. क्वार्टर मेअखेर सोडायची. रिया नेरळला बोलावतेय, तिथं जाऊ. आणि रोहिदासवरचा ठपका पुसला! लेखी! सोमवारपासून त्याला आत घेतायत, माझ्याच सेक्शनला, लॉगशीट भरायला. मी माझा पास साईनाथच्या हातात दिला. जिंकलो!

७ एप्रिल, मंगळवार

सकाळी बसलो. वीस मिनिटं. काहीच वाटलं नाही. तसंच लिहितोय.

तीन वाजता पाळी सुटल्यावर रोहिदासचा फोन आला. धापा टाकत होता. “दादा, लिवा तुमच्या वहीत. दोन वाजता बेचाळीस पायऱ्या चढून वर गेलतो. माज्या डोळ्यानं बगितलं.”

दुपारी २.०० — ६२.